झोश्काच्या आधीचे टोमॅटो

संतांशी झेनोनचं काही भांडण नव्हतं. त्याचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, एवढंच. तीस वर्षं तो ओल्शिन्का गावच्या दूधकेंद्रावर कामाला होता. आलेल्या प्रत्येक कॅनमध्ये थर्मामीटर बुडवायचा, आकडा वाचायचा आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. कॅन आणणारी बाई शपथेवर सांगायची की दूध आत्ताच काढलंय, पण पारा वेगळंच काही सांगायचा. तेव्हापासून माणसाचं ऐकायचं नाही, पाऱ्याचं ऐकायचं, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

निवृत्तीनंतर दूध राहिलं नाही, पण थर्मामीटर राहिले. घराभोवती त्याने सात लावले होते. एक कोंबड्यांच्या खुराड्यात, एक विहिरीपाशी, एक माळ्यावर, बाकीचे बागेत. आठवा पलंगाखाली होता, तो ब्रोन्याने शोधून काढून चुलीत घालायची धमकी दिली तेव्हा तिथून निघाला आणि त्याच्या खिशात गेला. सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री नऊ अशा तीन वेळा तो वहीत आकडे मांडायचा. अकरा वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. ताप असतानासुद्धा तो बायकोचा हात धरून विहिरीपर्यंत गेला होता.

ब्रोन्याचं पंचांग मात्र वेगळं होतं. मेच्या मध्यावर शेवटची थंडी घेऊन तीन गार संत येतात, पांक्रासी, सेर्वासी आणि बोनिफासी. त्यांच्या मागून पंधरा तारखेला येते ती गार झोश्का. ती बया गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं घराबाहेर काढायची नाहीत, असं ब्रोन्याची आई सांगायची आणि आईची आईही तेच सांगायची. ब्रोन्याच्या बागेत झोश्काच्या आधी टोमॅटो असतील, हे गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

अकरा तारखेला सोमवारी ब्रोन्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात बहिणीकडे निघाली. ती सोळाला परत येणार होती. बस येईपर्यंत फाटकाशी उभं राहून तिने सूचना दिल्या.

"कोंबड्यांना दाणे, मांजराला दूध. आणि खिडकीतल्या टोमॅटोंना हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय?"

"तू मला काल दोनदा विचारलंस की मुळं केवढी झालीत. म्हणून सांगतेय. आईचं बी आहे ते, झेनोन. उरलेलं सगळं उंदरांनी खाल्लं. ही बेचाळीस गेली तर आईचा टोमॅटो गेला, कायमचा."

"कळलं मला."

बस गेली. झेनोनने एक वाजताचा आकडा घेतला, तर पारा सव्वीसवर. मातीत बोट घातलं, माती कोमट. आणि मग त्याला ते कुतूहल चावलं, ज्याच्यापायी त्याने एकदा कोंबडीच्या अंड्यात थर्मामीटर खुपसून पाहिला होता. पाच दिवस आधी लावले तर फळ किती दिवस आधी येईल? कुणी मोजलंय का हे? सगळे आपले संतांना भिऊन बसलेले. संध्याकाळपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस रोपं जमिनीत होती आणि झेनोन खुशीत होता.

मंगळवारी सकाळी रेडिओ म्हणाला की उत्तरेकडून गार हवा येते आहे, दोन रात्री जमिनीवर दव गोठेल, दुसरी रात्र जास्त वाईट. रोपं पुन्हा उपटावीत तर मुळं तुटणार, आणि नाही उपटावीत तर झोश्का सोडा, पांक्रासीच खाऊन टाकणार. तेवढ्यात मोबाइल वाजला. ब्रोन्या. त्याला बायकोशी खोटं बोलता येत नाही, निदान तिच्या कानाला कळणार नाही असं तरी येत नाही. त्याने मोबाइल बंद केला आणि दिसायलाच नको म्हणून ब्रेडच्या डब्यात घालून वर झाकण लावलं.

रेडिओवर त्याने कधीतरी ऐकलं होतं की कुठले बागायतदार थंडीच्या रात्री झाडांखाली थडग्यावरचे दिवे लावतात, ते लाल काचेचे, झाकणवाले. रात्रभर जळतात आणि ऊब देतात. एक दिवा किती अंश ऊब देतो, हे काही रेडिओने सांगितलं नव्हतं. तेही बघू, असं म्हणत तो मिरकाच्या दुकानात गेला.

"थडग्यावरचे दिवे आहेत का गं?"

मिरका पाव कापत होती, ती थांबली. ते दिवे नोव्हेंबरात, सगळ्या मृतांच्या दिवशी विकले जातात. मे महिन्यात ते कुणी मागत नाही, मागतं ते एकाच कारणासाठी.

"गेल्या वर्षीचे आहेत, छोटे. एका रात्रीचे. चोवीस असतील. किती देऊ?"

"सगळे."

"सगळे?" मिरकाचा आवाज खाली आला. "झेनोनकाका, काय झालं?"

आता खरं सांगायचं तर पंचाईत होती. सबंध हिवाळा याच दुकानात, याच काउंटरला टेकून झेनोनने गार संतांची टिंगल केली होती. आता दिवे टोमॅटोंसाठी आहेत म्हटलं असतं, तर गावाने त्याला नाताळपर्यंत सोडलं नसतं.

"काही विचारू नकोस," तो म्हणाला. "घरातली गोष्ट आहे. आणि कुठे बोलू नकोस."

मिरकाने दिवे मुकाट्याने खोक्यात भरले. दुसरं खोकं काढून त्यात केक ठेवला आणि "राहू दे काका" म्हणाली. केक कशासाठी हे झेनोनला कळलं नाही. पण केक होता, म्हणून त्याने घेतला.

घरी येऊन त्याने रोपांभोवती काठ्या रोवल्या आणि पांघरायला जे सापडेल ते काढलं. चादरी आठ निघाल्या. मग पिसांच्या दुलया, टेबलावरचं लग्नातलं कापड. तरी दोन ओळी उघड्याच होत्या, म्हणून ब्रोन्याचं कपाट उघडलं. तिचे झोपायचे झगे, कोट, चर्चला जायचा हिरवा स्कर्ट असं सगळं हातांवर घेऊन त्याने चार फेऱ्या मारल्या. स्वतःचा रोजचा कोटही शेवटच्या रोपांवर गेला. उरला तो काळा, मयतीला जायचा. तोच त्याने अंगात घातला, कारण गारठा वाढला होता. मग गुडघ्यावर बसून एकेका चादरीखाली तो दिवा सरकवू लागला. धुराने त्याचे डोळे नुसते वाहत होते.

शेजारच्या वांदाबाई कुंपणापलीकडे वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी पाहिलं ते असं: झेनोन काळ्या कोटात. बायकोचे सगळे कपडे घराबाहेर. अंगणभर पांढऱ्या चादरी, त्यांच्याखाली लाल दिवे, आणि हा माणूस गुडघ्यावर बसून डोळे पुसतोय.

वांदाबाईंना विचारायचं होतं. वांदाबाईंना आयुष्यात काहीही न विचारता राहणं जमलेलं नाही. पण ज्याच्या घरी दुःख आहे त्याला कुंपणावरून विचारत नाहीत, एवढी रीत त्यांना माहीत होती. त्या तशाच मिरकाकडे गेल्या. मिरकाला झेनोनने कुठे बोलू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि तिने ते पाळलंही. ती फक्त एवढंच म्हणाली, "चोवीस दिवे नेले, वांदाबाई. घरातली गोष्ट आहे म्हणाले."

"ब्रोन्याचं ऑपरेशन आजच होतं," वांदाबाई म्हणाल्या, आणि दोघींनी छातीवर क्रूस काढला.

बुधवारी सकाळी सात वाजता पारा एकवर होता. दिवे विझले होते, एका झग्याला नाण्याएवढं भोक पडलं होतं, पण बेचाळीस रोपं ताठ उभी होती. खरी रात्र मात्र पुढेच होती. झेनोन दिव्यांसाठी परत निघाला, आणि तिथून त्या दिवसाचं सगळंच तऱ्हेवाईक होत गेलं.

पोस्टमन त्याला पाहून सायकलवरून उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. एरवी तो कुत्र्यालासुद्धा उतरत नाही. पुढे वांदाबाई सुपाचं पातेलं घेऊन समोरून आल्या. दोन वर्षांपूर्वी एका कोंबडीवरून त्यांचं आणि ब्रोन्याचं बोलणं बंद झालं होतं.

"हे गरम करून घ्या, झेनोनभाऊ. खायचं सोडू नका."

"मी कशाला सोडेन?"

"असंच धीरानं घ्या," वांदाबाई म्हणाल्या आणि पातेलं त्याच्या दाराशी ठेवायला पुढे गेल्या.

दुकानात बायका होत्या. तो आत शिरताच सगळ्यांनी बाजूला सरून त्याला पुढे वाट करून दिली.

"मिरका, दिवे आले का?"

"सकाळीच शहरातून तीन खोकी मागवली. सगळी गेली."

"एवढी? कोण गेलं काय गावात?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मिरकाने काउंटर पुसायला घेतला. "काका, तुम्ही दिव्यांची काळजी करू नका. तुम्हाला कमी पडणार नाहीत."

हे काय उत्तर झालं? झेनोन बाहेर आला तर चर्चची मोठी घंटा वाजत होती. ती मयताचीच वाजते. त्याने टोपी काढली, जो कोणी गेला असेल त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हटली आणि कोण गेलं असेल याचा हिशेब करत निघाला. गिरणीवाला म्हातारा? तो तर समोर बाकावर बसला होता. सुताराची आई? ती खिडकीतून त्याच्याकडेच बघत होती, डोळ्याला रुमाल लावून. गावातली सगळी म्हातारी माणसं त्याने डोळ्यांनी मोजली, एकही कमी नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. शेवटी त्याने चर्चच्या दारात फादर लुसियान यांना गाठलं.

"फादर, घंटा कुणाची?"

फादर तरुण होते, आणि दुःखाने माणसाचं भान हरपतं हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी झेनोनचे दोन्ही हात धरले. "झेनोनराव, मन मानत नाही ना? होतं असं. संध्याकाळी आम्ही सगळे येतोच आहोत."

"कुठे?"

फादरांनी नुसती मान हलवली आणि हात आणखी घट्ट दाबले.

मे महिनाभर आमच्याकडे रोज संध्याकाळी रस्त्यावरच्या मेरीच्या देवळीपाशी गाणी म्हणतात. त्या संध्याकाळी गाणी आटोपली आणि सगळा जमाव तसाच झेनोनच्या फाटकाकडे वळला. पुढे फादर, मागे साठ-सत्तर माणसं आणि प्रत्येकाच्या हातात लाल दिवा. झेनोन तेव्हा विहिरीपाशी नऊचा आकडा घ्यायला निघाला होता. पारा शून्याकडे घसरत होता, जवळ एक दिवा नव्हता आणि आपण बायकोला काय तोंड दाखवणार, हाच विचार त्याच्या डोक्यात होता. तेवढ्यात फाटक उघडलं आणि दिव्यांची रांगच आत आली.

त्याला आधी आनंद झाला, हे कबूल करायला हवं. त्याने डोळ्यांनी दिवे मोजलेसुद्धा. मग माणसं अंगणात पसरली, फादरांनी पुस्तक उघडलं आणि झेनोनने हातात थर्मामीटर घेऊन कान टवकारले. दिवसभराचं कोडं आता सुटणार होतं.

"हे प्रभो," फादर म्हणाले, "आपली भगिनी ब्रोनिस्लावा हिच्या आत्म्याला चिरशांती दे."

गावात ब्रोनिस्लावा एकच होती.

झेनोनला क्षणभर काहीच कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. घंटा, सूप, टोपी काढलेला पोस्टमन. हॉस्पिटलवाल्यांनी फोन केला असेल. आपण उचलला नाही म्हणून त्यांनी फादरांना केला असेल. दोन दिवस सगळ्या गावाला माहीत होतं, आणि आपण मोबाइल ब्रेडच्या डब्यात घालून टोमॅटोंवर झगे पांघरत होतो. ती फोन करत होती. शेवटचं काहीतरी सांगायचं असेल तिला, आणि आपण झाकण लावलं.

थर्मामीटर हातातून सुटला आणि दगडावर फुटला. झेनोन तिथेच, दोन चादरींच्या मध्ये, गार मातीत बसला. त्याला टोमॅटो दिसेनात, दिवे दिसेनात. पोर रडतं तसा तो रडायला लागला आणि अख्खं गाव त्याच्याबरोबर रडलं.

"कुणाला कधी टाकून बोलली नाही," वांदाबाई हुंदके देत म्हणाल्या. एरवी हे ऐकून झेनोनला हसू आवरलं नसतं. आता त्याला ते अगदी खरं वाटलं.

शेवटची बस नऊ दहाला येते. त्या बसमधून ब्रोन्या उतरली. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात बॅग. दोन दिवस नवरा फोन उचलत नाही म्हटल्यावर तिने डॉक्टरांशी भांडून, बहिणीशी भांडून गाव गाठलं होतं. वळणावरून तिला एका डोळ्याने आपलं अंगण दिसलं. लाल दिवे, पांढरी कापडं आणि प्रार्थना म्हणणारी माणसं. तिच्या हातातली बॅग तिथेच रस्त्यावर राहिली.

ती पळत फाटकाशी आली आणि जी पहिली पाठ दिसली तिला हात लावून म्हणाली, "कधी गेला? माझ्या झेनोनला काय झालं?"

पाठ वांदाबाईंची होती. "झेनोनभाऊंना काही नाही हो," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आपली ब्रोन्या गेली." मग त्यांनी मागे पाहिलं, आणि पाहिल्यावर तिथेच खाली बसल्या.

जमाव दुभंगला. ब्रोन्या वाटेत कुणाकडे न बघता आत गेली आणि मातीत बसलेल्या नवऱ्यासमोर उभी राहिली. झेनोनने वर पाहिलं. त्याने हात लांब करून तिचं मनगट धरलं, तळव्याने दाबून पाहिलं आणि बराच वेळ तसाच धरून ठेवलं.

"छत्तीस पॉइंट सहा," तो म्हणाला. धडधाकट माणसाच्या अंगाची ऊब तेवढीच असते.

"तू जिवंत आहेस," ब्रोन्या म्हणाली. "मला वाटलं तू मेलास. मेल्या, मला वाटलं तू मेलास. आणि डॉक्टरांनी मला आठ दिवस रडू नका म्हणून सांगितलंय."

असं म्हणून ती एका डोळ्याने रडली. मग तिने तो डोळा पुसला आणि त्याच पुसलेल्या डोळ्याला समोर आपला झोपायचा झगा दिसला, भोकासकट. तिने वाकून त्याची कड वर केली. आत टोमॅटोचं रोप होतं. दुसरी कड वर केली. आत टोमॅटोचं रोप होतं.



"आज तारीख काय?" ब्रोन्याने विचारलं.

"तेरा," झेनोन म्हणाला.

"संत कोण?"

"सेर्वासी," खाली बसलेल्या वांदाबाई हळूच म्हणाल्या.

"आणि झोश्काला किती दिवस आहेत?"

"दोन." झेनोनने मान खाली घातली. "ब्रोन्या, मी फक्त बघणार होतो..."

आता गावाला हळूहळू उलगडा व्हायला लागला. गिरणीवाल्याने पहिल्यांदा तोंडावर हात ठेवला, मग पोस्टमनच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. फादर लुसियान कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. दोघाचौघांनी आपापले दिवे उचलले आणि ते फाटकाकडे निघाले.

"थांबा," ब्रोन्या म्हणाली. "दिवे घेऊन कुठे निघालात?"

"घरी," कुणीतरी म्हणालं. "तू काही मेली नाहीस."

"तो माझा दोष नाही. दिवे माझ्यासाठी आणलेत ना? मग माझ्या अंगणातून ते हलणार नाहीत. वांदाबाई, उठा आता. ही ओळ तुमची. एका रोपाला दीड दिवा आला पाहिजे. दुलईला चिकटवू नका, वीतभर लांब ठेवा."

"ब्रोनिस्लावाबाई," फादर चाचरत म्हणाले, "हे दिवे मृतांसाठी आहेत. मी स्वतः आशीर्वाद दिलाय त्यांना."

"बी माझ्या आईचं आहे, फादर. आणि आई मेलेलीच आहे."

फादरांनी आपल्या झग्याची बाही वर सारली आणि ते तिसऱ्या ओळीत गुडघ्यावर बसले.

पहाटे पारा उणे चारवर गेला. वांदाबाईंच्या चेरीचा सगळा मोहर काळा पडला, गिरणीवाल्याचे बटाटे गेले. ब्रोन्याच्या अंगणात बेचाळीस रोपं तशीच उभी होती. झेनोनने त्या रात्री आकडे सोडून दिव्यांवरच लक्ष ठेवलं, कारण ब्रोन्याने त्याला तिथून हलू दिलं नाही. ती स्वतः दाराशी खुर्ची टाकून, सुपाचा वाडगा मांडीवर घेऊन एका डोळ्याने त्याच्यावर लक्ष ठेवत होती. मधूनमधून ती विचारायची, "वांदा खरंच रडली?" किंवा "मिरकाने केक कुठला दिला, खसखशीचा का?" आणि झेनोन मुकाट्याने सगळं सांगायचा.

ऑगस्टमध्ये टोमॅटो आले, मुठीएवढे, गुलाबी, ब्रोन्याच्या आईच्या वेळी यायचे तसेच. ब्रोन्या टोपली घेऊन घरोघर गेली आणि दिवा आणणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर दोन दोन ठेवून आली. कोण आलं नव्हतं तेही तिच्या बरोबर लक्षात होतं. वांदाबाईंना चार मिळाले. कोंबडीचा विषय मात्र दोघींपैकी कुणी काढला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी, नव्या डोळ्याला कितपत दिसतंय ते बघायला, ब्रोन्याने झेनोनची वही उघडली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. आकड्यांवरून बोट फिरवत ती मे महिन्यावर आली आणि थांबली.

"हे काय? तेरा तारखेला सकाळचा आकडा आहे, दुपारचा आहे. रात्री नऊचा नाही."

"थर्मामीटर फुटला होता."

"तुझ्याकडे सात आहेत."

झेनोन टोमॅटो चिरत होता. तो चिरतच राहिला. एकच टोमॅटो त्याने इतका बारीक चिरला की त्याची चटणी व्हायची बाकी होती. ब्रोन्याने त्याच्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. मग तिने वहीच्या दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ओढली आणि त्या रिकाम्या रकान्यात तिच्या गोलगोल अक्षरात लिहिलं, ३६.६.

"ते बाहेरचं तापमान नाही," झेनोन म्हणाला.

"माहीत आहे मला," ब्रोन्या म्हणाली, आणि तिने मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवली.